गेम घ्यायच्या आधी पान पार खालपर्यंत वाचा

मागच्या अंकात जुन्या पीसीवर लिहिलं होतं, त्यावर जे प्रश्न आले त्यातले अर्ध्याहून जास्त गेमचेच निघाले. फिरून फिरून दोनच गोष्टी: स्टीमवर (पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) गेमच्या पानावर ते एआयचं काय लिहून असतं, आणि पैसे भरल्यावर गेम आपल्या मशीनवर चालतच नाही तेव्हा काय करायचं. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलं. नावं नेहमीसारखी छापली नाहीत, फक्त तालुका.

प्रश्न : भाऊ, सोयाबीन विकल्यावर बाबानं दिवाळीले हजार रुपये देल्ले, त्यातून स्टीमच्या सेलमधी साडेतीनशेचा एक गेम घेतला. गावावरचा गेम हाय, बैलगाडी, वावर, बाजार सगळं हाय. पण खेळता खेळता ध्यानात आलं का बाजारातल्या दुकानाच्या पाट्या वाचताच येत नाई, अक्षरं हायेत पण शब्दच नाई. मित्र म्हणे एआयनं बनवलं असन. मंग पानावर पार खाली जाऊन पाह्यलं तं एआय जनरेटेड कन्टेन्ट डिस्क्लोजर असं लिहून होतं. म्हणजे काय? मले फसवलं का? (एक वाचक, ता. दर्यापूर)

उत्तर : तू स्क्रीनशॉट पाठवला ते फार बरं केलं. माझ्या दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर लावून मी तो बराच वेळ पाहत बसलो. पाटीवर शिरोरेषा अगदी सरळ, रंग छान, आणि रेषेखाली पहिलं अक्षर क सारखं सुरू होते पण त्याचा पाय मधूनच ग कडे वळते, पुढची वेलांटी कोणत्याच अक्षराला लागलेली नाही, आणि एक अनुस्वार रेषेच्या खाली येऊन पडला आहे. खाली बैलजोडी आहे, तिचं जू मानेवर नाही तर शिंगातूनच निघालं आहे. आमच्या गल्लीत एक पेंटर काका आहेत, फ्लेक्स यायच्या आधी अर्ध्या गावाच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, त्यांना बोलावून दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "याले अक्षर माहीत नाई, फक्त अक्षराचं चित्र माहीत हाय." मला वाटते एआयच्या चित्राबद्दल यापेक्षा नेमकं कोणी सांगणार नाही. बैल कधी न जुंपलेल्याच्या हातून जू असं शिंगात जाते.

आता तुझा प्रश्न. स्टीम चालवणारी कंपनी व्हॉल्व्ह. २०२३ मध्ये एआयनं केलेली चित्रं असलेले काही गेम ते दुकानात घेतच नव्हते, कारण ती चित्रं कोणाच्या मालकीची हे सांगता येत नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी नियम बदलला: एआय वापरा पण सांगा. गेम स्टीमवर लावताना डेव्हलपरला, म्हणजे गेम बनवणाऱ्याला, एक फॉर्म भरावा लागते, त्यात एआयचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे गेम बनवताना आधीच एआयकडून करून घेतलेलं, चित्र, आवाज, मजकूर वगैरे. दुसरा म्हणजे तू खेळत असताना तिथल्या तिथं एआय जे तयार करते ते. डेव्हलपर त्यात जे लिहिते त्यातलं बरंचसं तुला त्या पानावर दिसते. तू वाचलं ते हेच.

म्हणून फसवलं असं म्हणता येत नाही, तू पैसे भरले तेव्हा ते पानावर होतं. पण ते कुठं होतं? वर ट्रेलर, फोटो, सवलतीचा हिरवा चौकोन, मग गेमचं वर्णन, ते उघडायला रीड मोअर दाबा, ते संपलं की मग ही ओळ. आणि तिच्या लगेच खाली सिस्टिम रिक्वायरमेंट, म्हणजे आपल्या मशीनवर चालते का ते. आपल्यासाठी सगळ्यात कामाच्या दोन गोष्टी पानाच्या तळाशी एकाखाली एक आहेत आणि बोट तिथपर्यंत जायच्या आधी पैसे कटलेले असतात. माझं स्पष्ट मत आहे की ही ओळ किमतीच्या शेजारी पाहिजे. बियाण्याच्या थैलीवर जात आणि लॉट नंबर थैलीवरच छापून असते ना, तसं.

अजून एक. ती ओळ डेव्हलपर स्वतः लिहिते, त्यामुळे ती कशी लिहिली आहे ते पाहायचं. कॉल ऑफ ड्यूटी या गेमच्या स्टीमवरच्या पानावर २०२५ च्या फेब्रुवारीत एवढंच एक वाक्य आलं की काही इन-गेम अ‍ॅसेट्स (गेममधली चित्रं, वस्तू वगैरे) बनवायला टीम जनरेटिव्ह एआयची मदत घेते. कोणते, किती, काही नाही. याउलट काही छोटे डेव्हलपर सरळ लिहितात की पात्रांचे फोटो एआयचे, बाकी सगळं हातानं, संगीत अमुकनं केलं. दुसऱ्या प्रकारच्या माणसावर मी जास्त भरवसा ठेवीन, एआय त्यानंही वापरला असला तरी.

पैसे परत पाहिजे असतील तर स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर परत मिळतात, कारण काहीही द्या. गेम उघडून ठेवून जेवायला गेला तर तोही वेळ मोजला जाते हे ध्यानात ठेव. तुझे सहा तास झाले आहेत, तर यावेळी जमणार नाही. पण गेमच्या पानावर रिव्ह्यू लिही, पाटीचा फोटो त्यांना पाठव, सांग की हे अक्षर नाही. मराठी वाचणाऱ्यानंच ते सांगितलं पाहिजे, दुसऱ्याच्या ते ध्यानात कसं येणार.

प्रश्न : दादा, मी अमरावतीला फाइन आर्टचा डिप्लोमा केला, आता घरीच असते. संत्र्याच्या बगिच्यावर एक छोटा गेम बनवते आहे, मृग बहाराला पाणी तोडायचं, मग ताण, मग पाणी सोडायचं, डिंक्या रोग आला तर काय करायचं असं सगळं. पात्रं आणि झाडं मी स्वतः काढली. पण मागची आभाळं आणि डोंगर एआयकडून केले कारण वेळ नव्हता, आणि कोड लिहितानाही एआयला विचारते. हे सगळं सांगावं लागते का? सांगितलं तर लोक घेणार नाही अशी भीती वाटते. (एक वाचक, ता. वरुड)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ताण देण्याचा गेम! मी पैसे देऊन घेईन, हे आधी सांगतो.

आता नियम. आभाळ आणि डोंगर खेळणाऱ्याला दिसतात, म्हणजे ते सांगावं लागते. कोडचं म्हणाल तर २०२४ च्या नियमात कोडचाही उल्लेख होता, पण जानेवारी २०२६ मध्ये व्हॉल्व्हनं फॉर्मची भाषा सुधारली आणि स्पष्ट केलं की काम लवकर व्हावं म्हणून वापरलेली एआयची अवजारं हा या फॉर्मचा मुद्दा नाही, खेळणाऱ्याच्या समोर जे येते ते मुद्दा आहे. गेममधली चित्रं, आवाज, गोष्ट, भाषांतर, आणि दुकानाच्या पानावरची चित्रंसुद्धा. म्हणजे गेमचा पोस्टर एआयचा असेल तर तेही आलं.

स्टीमवर गेम लावायला १०० डॉलर फी आहे, प्रत्येक गेमला, आणि गेमची कमाई १००० डॉलरवर गेली की ती परत मिळते. आपल्यासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून आधी इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर टाका, तिथं फी नाही. तिथंही नोव्हेंबर २०२४ पासून एआय वापरला का हा प्रश्न विचारतात. एपिक या दुसऱ्या गेम कंपनीच्या दुकानात असा शिक्का नाही, त्यांचे प्रमुख टिम स्वीनी यांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीरपणे म्हटलं की पुढं जवळपास सगळ्याच गेममध्ये एआय असणार, तर दुकानात तसा टॅग लावण्यात अर्थ नाही. मला ते पटत नाही. सगळ्याच तेलात भेसळ होणार म्हणून डब्यावर लिहायचंच नाही असं कोणी म्हटलं तर आपण ऐकू का? तुमच्यासारखी पोरगी चार महिने बसून झाडाचं पानन्‌पान काढते आणि दुसरा दोन मिनिटांत तसलं हजार पानं काढते, तर घेणाऱ्याला फरक कळायला नको का? तो एआयचं घेईन, खुशाल घेवो, पण माहीत असून घेवो.

आणि भीतीचं म्हणाल तर उलटं पाहा. ज्यांची नाचक्की झाली त्यांची एआय वापरल्यानं जेवढी झाली त्याहून जास्त न सांगितल्यानं झाली. पोलंडच्या इलेव्हन बिट स्टुडिओचा द ऑल्टर्स नावाचा गेम जून २०२५ मध्ये आला. त्यात एका स्क्रीनवर बारीक अक्षरात खगोलशास्त्राची माहिती होती, आणि एका खेळणाऱ्यानं झूम करून वाचलं तर सुरुवातीलाच चॅटबॉटचं उत्तर तसंच्या तसं राहून गेलेलं, घ्या, सुधारून दिलं आहे, अशा अर्थाचं. पानावर एआयचा उल्लेख नव्हता. मग काही भाषांतली भाषांतरंही तशीच निघाली आणि स्टुडिओला माफी मागावी लागली, म्हणाले तात्पुरतं टाकलेलं चुकून राहिलं. गेम चांगला होता हो, मेहनतीचा होता, पण लोक त्या एका ओळीवरच बोलत राहिले. त्याच वर्षी फ्रान्सच्या एका नव्या स्टुडिओनं क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पेडिशन ३३ हा गेम काढला, जगभर गाजला. त्यात तात्पुरती म्हणून टाकलेली एआयची काही टेक्श्चर (भिंती, वस्तूंवर चढवायची चित्रं) राहून गेली होती, त्यांनी ती लगेच काढलीही. तरी डिसेंबरमध्ये इंडी गेम अवॉर्ड्सनं दिलेले दोन पुरस्कार परत घेतले, कारण त्यांचा नियमच होता की एआय नको.

तर लिहा. मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत लिहा: पात्रं, झाडं, फळं माझ्या हातची, आभाळ आणि डोंगर एआयनं केले. आणि माझं ऐकाल तर ते आभाळही स्वतः काढा. मृगाच्या आधीचं वरुडचं आभाळ एआयनं पाहिलं नाही, तुम्ही पाहिलं आहे.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. व्हॅलोरंट नावाचा गेम खेळतो. परवा त्यावर व्हॅन ९००१ असं काहीतरी आलं आणि गेम बंद. तालुक्याच्या एका दुकानदारानं सांगितलं की टीपीएम नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल, बारा हजार. कॉम्प्युटर तीनच वर्षांचा आहे, नवा घेतला होता. खरंच बदलावा लागेल का? (एक आई, ता. आर्णी)

उत्तर : काकू, बारा हजार तसेच ठेवा. तीन वर्षांच्या कॉम्प्युटरमध्ये टीपीएम नसणं फार अवघड आहे. बहुतेक वेळा तो असतो पण बंद असतो.

विंडोज ११ वर हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) या दोन गोष्टी चालू मागते, चीटिंग करणारे सापडावे म्हणून. टीपीएम म्हणजे मशीनची ओळख सांभाळणारी गोष्ट, आताच्या प्रोसेसरमध्ये आतच असते. मुलाला सांगा, विंडोजचं बटण आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी असं इंग्रजीत टाईप करायचं. व्हर्जन २.० दिसलं तर आहे. नाही दिसलं तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची मशीनची सेटिंग) जाऊन पाहायचं, इंटेल असेल तर पीटीटी आणि एएमडी असेल तर एफटीपीएम या नावानं असते, ते एनेबल करायचं.

पण थांबा, इथं एक खड्डा आहे आणि माझ्याकडे त्यात पडलेले तीन पीसी या उन्हाळ्यात आले. सिक्युअर बूट चालू करायच्या आधी हार्डडिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे की नव्या जीपीटी ते पाहायचं. कोणी विंडोज जुन्या पद्धतीनं टाकून दिलं असेल तर डिस्क एमबीआर राहते, आणि मग बायोसमध्ये सिक्युअर बूटसाठी जुना लेगसी मोड बंद केला की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, काळी स्क्रीन. घाबरायचं नाही, बायोसमध्ये पुन्हा मागं केलं की सुरू होते. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची सोय आहे, डेटा न उडवता डिस्क बदलते, तरी आधी बारावीच्या नोट्स आणि फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्या. हे काम येणाऱ्या माणसाला अर्धा तास लागते.

असे गेम आता वाढत चालले, ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफिल्ड ६ लासुद्धा सिक्युअर बूट लागते. स्टीमवर २०२४ पासून असे विंडोजच्या एकदम आतपर्यंत जाणारे अँटीचीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) असले तर तेही पानावर सांगावं लागते, उजवीकडच्या पट्टीत पाहायचं. मुलाचं बारावीचं वर्ष आहे, त्यावर मी काही बोलत नाही, तुम्ही विचारलं नाही.

प्रश्न : नागपूरहून सेकंडहँड पीसी आणला, आय ५ चौथी जनरेशन, आठ जीबी रॅम, १०५० टीआय कार्ड. विंडोज १० आहे. लोक म्हणतात विंडोज १० मेलं, आता गेम चालणार नाही. लिनक्स टाकू का? (एक वाचक, ता. मेहकर)

उत्तर : भाऊ, मेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट थांबवला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. घरच्या वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेता येतात, सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी करायची. गेम त्या दिवसापासून बंद पडत नाहीत. स्टीमचं वेगळं असते: विंडोज ७ आणि ८ वर त्यांनी १ जानेवारी २०२४ पासून सपोर्ट सोडला आणि ३२ बिटच्या विंडोज १० वर २०२६ च्या सुरुवातीपासून. तुमचं ६४ बिट आहे का तेवढं पाहून घ्या. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे मिळत नाही, इंटेलची आठवी जनरेशन लागते. जुगाड करून टाकून देणारे भेटतील, मी देत नाही, कारण पुढं अपडेटच्या वेळी अडकलं की माणूस पुन्हा पन्नास किलोमीटर येते.

लिनक्सचं (विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम) मी मनापासून सांगतो, टाका, पण तुमचे गेम कोणते ते आधी लिहून काढा. व्हॉल्व्हनं ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, त्यानं विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात. त्यांचं स्टीम डेक नावाचं हातात धरायचं मशीन २०२२ मध्ये आलं तेही लिनक्सवरच आहे, त्यामुळे हे काम फार पुढं गेलं. तुमच्या १०५० टीआय कार्डाला व्हल्कन (गेमचं चित्र काढायची पद्धत, प्रोटॉनला तीच लागते) नीट चालते म्हणून हो म्हणतो आहे. कार्ड नसतं, नुसतं चौथ्या जनरेशनचं आतलं ग्राफिक असतं, तर नाही म्हटलं असतं, त्यात व्हल्कन अर्धवट आहे.

गेम चालते का हे दोन ठिकाणी पाहायचं. एक, स्टीमच्या पानावर डेकसाठी व्हेरिफाइड, प्लेएबल की अनसपोर्टेड. दुसरं प्रोटॉनडीबी, तिथं खेळणारे लोकच सांगतात, प्लॅटिनम, गोल्ड असे दर्जे देतात. एकट्यानं खेळायचे गेम बरेचसे चालतात. ऑनलाइनचे तिथंच अडतात, अँटीचीटवर. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय ही दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण चालू करायचं की नाही ते गेमवाल्याच्या हातात. व्हॅलोरंट, फोर्टनाइट लिनक्सवर नाहीत. एपेक्स लेजेंड्स तर चालत होता, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी लिनक्स बंद केलं, काल खेळणारा आज बाहेर. मला याचं वाईट वाटते. पैसे घेतलेले असतात, स्किन (पात्रांचे कपडे, रूप) घेतलेल्या असतात, आणि माणसाच्या हातात काहीच राहत नाही.

आणि एक, तुमचं मशीन चौथ्या जनरेशनचं आहे हे नशीब समजा. तिसऱ्याचं स्वस्तात मिळते म्हणून लोक आणतात, पण त्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या आतली एक सोय) नाही, आणि ते मागणारे गेम उघडताच बंद पडतात, काही मेसेजसुद्धा देत नाहीत. पोट्टे तासन्‌तास रीइन्स्टॉल करत बसतात. सिस्टिम रिक्वायरमेंटमध्ये रॅम आणि कार्ड सोडून ही बारीक ओळही वाचा. तशीच दुसरी ओळ रे ट्रेसिंगची (उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवायची पद्धत): इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम : द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगवालं कार्ड लागतेच, सेटिंग कितीही कमी केली तरी तुमच्या १०५० टीआयवर ते खेळता येणार नाहीत. आणि जिथं एसएसडी रिक्वायर्ड लिहून असते, स्टारफिल्डसारख्या गेमला, तिथं साध्या हार्डडिस्कवर घेऊ नका.

प्रश्न : खेळताना एआय बोलते असे गेम आले म्हणतात. आमच्याकडे नेट संध्याकाळी जाते. चालतील का? (एक वाचक, ता. एटापल्ली)

उत्तर : त्यातले बरेचसे नाही चालणार. पात्राचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर तयार होत असेल तर नेट गेलं की पात्र मुकं. काही गेम हे काम तुमच्याच ग्राफिक कार्डावर करतात पण त्याला कार्ड महागाचं लागते. म्हणून डिस्क्लोजरमध्ये लाइव्ह जनरेटेड असं दिसलं की थांबायचं आणि सर्व्हर की आपलं मशीन ते वाचायचं. अशा गेममध्ये एआय भलतंसलतं बोलू नये म्हणून काय आवर घातला तेही डेव्हलपरला व्हॉल्व्हला सांगावं लागते, आणि बेकायदेशीर काही दिसलं तर खेळतानाच शिफ्ट आणि टॅब दाबून स्टीमच्या ओव्हरलेतून (गेमवरच उघडणारी स्टीमची खिडकी) तक्रार करता येते. घरात लहान पोरं असतील तर हे त्यांना शिकवून ठेवा.

प्रश्न : सरकारनं गेमवर बंदी आणली ना? मग पोरगा पैसे कसे भरतो? (एक वडील, ता. तिरोडा)

उत्तर : भाऊसाहेब, २०२५ च्या ऑगस्टमध्ये जो कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे, रमी वगैरे. पैसे देऊन गेम विकत घेणं हे वेगळं, त्यावर बंदी नाही, आणि ई-स्पोर्ट्सला (गेमच्या स्पर्धांना) तर त्याच कायद्यात मान्यता आहे. पण तो कुठं भरतो ते शेजारी बसून एकदा पाहाच. स्टीम असेल तर काळजी नाही, तिथं खर्चाचा सगळा हिशेब अकाउंटमध्ये दिसते.

प्रश्न : दोन मित्रांनी एकच गेम घेतला, ९० जीबीचा. दोघांच्या घरी मोबाइलचं नेट. दोघांनी वेगवेगळा डाउनलोड करावा लागेल का? (दोन वाचक, ता. ब्रह्मपुरी)

उत्तर : नाही! एकानं रात्रीच्या डेटावर आठ-दहा दिवस लावून उतरवा, मग दुसऱ्यानं आपला सीपीयू त्याच्या घरी घेऊन जा. स्टीममध्ये २०२३ पासून लोकल नेटवर्क ट्रान्सफरची सोय आहे, दोन्ही मशीन एकाच राऊटरला लावा, सेटिंगमध्ये डाउनलोडच्या पानावर ते चालू करा, दुसरा स्टीम आपोआप पहिल्याकडून फाइली ओढते. लॅन केबलनं जोडा, वायफायनं फार वेळ लागते. राऊटरला इंटरनेटही पाहिजे कारण लॉगिन लागते, पण त्याला मोबाइलचं हॉटस्पॉट पुरते, डेटा नावालाच जाते. दोघांनीही गेम घेतलेला असला पाहिजे, तुम्ही घेतला आहेच. सीपीयू गाडीवर नेताना ग्राफिक कार्ड काढून वेगळं, कापडात गुंडाळून न्या. मागच्याच महिन्यात एकानं तसाच कार्डासकट सीपीयू मोटरसायकलवर बांधून आणला आणि खड्ड्यांनी बोर्डाचा स्लॉटच तुटला.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना प्रोसेसरचं पूर्ण नाव, कार्ड, रॅम, विंडोजचं व्हर्जन आणि गेमच्या पानाच्या तळाचा स्क्रीनशॉट सोबत पाठवा. दर्यापूरच्या भावाला एक निरोप: पेंटर काकांनी तुझ्या स्क्रीनशॉटवर त्या किराणा दुकानाची पाटी कागदावर बरोबर लिहून दिली आहे, ती तुला पोस्टानं पाठवतो, गेमवाल्याला पाठवायची असेल तर तीच पाठव.